प्रजागर : निद्रानाशाचा इतिहास



इतिहासाच्या व्यासपीठावर राजे येतात, लढाया येतात, तहनामे येतात. झोप येत नाही, आणि आलीच तर ती श्रोत्यांना येते. कोणी विचारील की, झोपेला कसला इतिहास? माणूस जन्मल्यापासून झोपतो आहे आणि अधूनमधून त्याची झोप उडते आहे, एवढेच ना? परंतु जे नित्याचे वाटते त्यालाही इतिहास असतो. न येणाऱ्या झोपेला लोकांनी काय नाव दिले, तिचा दोष कोणावर ठेवला आणि ती परत आणण्यासाठी काय काय गिळले, हे पाहू लागले म्हणजे बराच मोठा इतिहास हाती लागतो. त्यातला काही भाग करमणुकीचा आहे. काही भाग मात्र चांगलाच भयंकर आहे, आणि तो फार जुना नाही.

आपल्या वाङ्मयातील निद्रानाशाची सर्वांत प्रसिद्ध रात्र महाभारताच्या उद्योगपर्वात आहे. त्या उपपर्वाचे नावच मुळी 'प्रजागर' असे आहे. संजय पांडवांकडून परतला. त्याने धृतराष्ट्राला चार कडक शब्द सुनावले आणि निरोप काय आहे तो उद्या सभेत सांगेन, असे म्हणून तो घरी निघून गेला. झाले! म्हाताऱ्या राजाची झोप उडाली. अंगाचा दाह होऊ लागला आणि त्याने रातोरात विदुराला बोलावून घेतले. विदुराने धाकट्या भावाच्या नात्याने प्रथम काय विचारावे? झोप कोणाला येत नाही याची यादीच त्याने वाचून दाखविली. बलवानाने ज्याच्यावर चाल केली आहे असा दुबळा, ज्याचे सर्वस्व गेले आहे असा, कामातुर आणि चोर. महाराज, यांपैकी आपण कोणी नाही ना? दुसऱ्याच्या धनाचा लोभ तर आपल्याला जाळीत नाही ना? प्रश्न सौम्य आहे, पण मर्मावर नेमका बसणारा आहे. आपण ज्याला विदुरनीती म्हणतो, ती सगळी या एका जाग्या रात्रीचे फळ आहे. तिने राजाला झोप लागली नाही. विदुरानंतर सनत्सुजात आले आणि बोलता बोलता उजाडले.

या कथेत एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. धृतराष्ट्राने वैद्याला बोलावले नाही. झोप न येणे हा त्याच्या दृष्टीने देहाचा रोग नव्हता, ती मनाची आणि कदाचित नीतीची बाब होती. बायबलातील एस्तेरच्या ग्रंथातही असेच आहे. राजा अहश्वेरोशाला एका रात्री झोप येईना, तेव्हा त्याने राज्याची बखर आणवून वाचावयास लावली. त्यात आपला जीव वाचविणाऱ्या मर्दखयाला काहीच बक्षीस दिलेले नाही, हे त्याच्या ध्यानात आले आणि सगळ्या कथेचा ओघ फिरला. अरबी कथांतला हारून-अल-रशीद झोप उडाली की वजिराला घेऊन बगदादच्या रस्त्यांवर फिरावयास निघतो. राजांची जागरणे अशी कथांना जन्म देतात. सामान्य माणसाची जागरणे केवळ कूस बदलण्यात जातात. त्यांची नोंद कोण ठेवणार?

ती नोंद वैद्यांनी ठेवली. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला एकविसावा अध्याय खरे म्हणजे अतिस्थूल, अतिकृश वगैरे निंद्य समजलेल्या देहांविषयी आहे. पण लठ्ठपणा आणि रोडपणा हे आहाराइतकेच झोपेवर अवलंबून असतात, या धाग्याने तेथे निद्रेचा विचार आला आहे. झोप आणणाऱ्या गोष्टींची चरकाची यादी ऐकताच सुस्ती येईल अशी आहे : अंगाला तेल चोळणे, उटणे, स्नान, मांसरस, दह्याबरोबर साळीचा भात, दूध, तूप, मद्य, मनाला सुख देणारे वास आणि आवाज, अंग चेपून घेणे, डोक्यावर लेप, नीट अंथरलेली शय्या, सुखकर घर आणि शेवटी 'उचित काल', म्हणजे नेहमीची ठरलेली वेळ. या शेवटच्या शब्दाकडे आपण पुन्हा वळणार आहोत.

याहून मार्मिक त्याच्या पुढचा भाग आहे. अति झोप येणाऱ्याची झोप कशाने मोडावी, हे चरक सांगतो : भीती, चिंता, क्रोध, धूर, व्यायाम, उपवास, टोचणारी शय्या इत्यादी. आणि लगेच म्हणतो की, निद्रानाशाची कारणे ती हीच! त्यांत भर घातली आहे ती कामाची, काळाची, रोगाची, माणसाच्या मूळ प्रकृतीची आणि वायूची. काम हे निद्रानाशाचे कारण म्हणून तेथे नोंदलेले आहे, हे आपल्या गावातल्या नोकरदार मंडळींनी ध्यानात ठेवावे. झोपेच्या वैद्यकाचा पाया इतका साधा आणि शहाणा असताना पुढे एवढा घोटाळा का झाला, हा खरा प्रश्न आहे.

त्याच्या उत्तरासाठी आधी एक गैरसमज दूर केला पाहिजे. रात्री दहाला पाठ टेकावी आणि सकाळी सहापर्यंत एकसंध झोप लागावी, ही आपली कल्पना सनातन नाही. कौटिल्याने राजाच्या दिवसाचे आठ आणि रात्रीचे आठ भाग पाडले आहेत. वाद्यांच्या नादात तिसऱ्या भागात शयनगृहात जावे, चौथ्या-पाचव्या भागात झोपावे आणि सहाव्या भागात वाद्यांच्याच घोषाने उठून शास्त्राचा व पुढील कामाचा विचार करावा. हिशेब केला तर झोप तीन ते साडेचार तासांची होते. एवढ्यात मौर्यांचे साम्राज्य चालत असेल असे मला वाटत नाही. वेळापत्रक लिहिणारा आणि पाळणारा एकच माणूस नसतो.

युरोपातील पुरावा अधिक विपुल आहे. अमेरिकन इतिहासकार रॉजर एकर्च याने जुन्या रोजनिशा, न्यायालयातील जबान्या, वैद्यकाची पुस्तके धुंडाळली आणि २००१ साली एका निबंधात व २००५ साली ग्रंथरूपाने असे दाखविले की, औद्योगिक क्रांतीपूर्वी पश्चिम युरोपातील लोक पुष्कळदा दोन हप्त्यांत झोपत असत. 'पहिली झोप' मध्यरात्रीच्या सुमारास संपे. मग तासभर माणसे जागी राहत. प्रार्थना करीत, शेकोटी सारखी करीत, नवराबायको बोलत बसत, आणि पुन्हा 'दुसरी झोप' लागे. इंग्रजी, फ्रेंच, इटालियन अशा सर्व भाषांत त्या पहिल्या झोपेला शब्द होता. आपण मराठीतही 'पहिल्या झोपेत होतो' असे म्हणतो आणि पहाटेच्या झोपेला 'साखरझोप' असे गोड नाव देतो. पण नुसत्या शब्दावरून इतिहास उभारण्याचा मोह आवरलेला बरा. अमेरिकेत टॉमस वेर या संशोधकाने १९९० नंतरच्या वर्षांत काही निरोगी माणसांना महिनाभर रोज चौदा तासांच्या अंधारात ठेवले, तेव्हा त्यांची झोप आपोआप दोन तुकड्यांत विभागली गेली.

पण येथेही एकदम निष्कर्ष काढू नये. २०१५ साली जेरोम सीगल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी टांझानियातील हाड्झा, नामिबियातील सान आणि बोलिव्हियातील त्सिमाने या विजेविना राहणाऱ्या लोकांची झोप मोजली. ती ६ ते ७ तासांच्या आसपास भरली, मधली जाग नियमाने आढळली नाही, आणि सूर्यास्तानंतर लगेच झोपण्याऐवजी ही मंडळी सरासरी तीन तासांहून अधिक काळ जागी राहत. म्हणजे जुन्या काळी सारे जग आठ-दहा तास गाढ झोपत होते, ही समजूतही खोटीच. मात्र सान आणि त्सिमाने यांच्या भाषांत निद्रानाशाला शब्दच सापडला नाही. रात्री जाग येणे ही त्यांच्याकडेही घडणारी गोष्ट. पण तिची तक्रार करण्याचे कारण त्यांना पडले नव्हते.

तक्रार कधी सुरू झाली? माझ्या मते, सकाळी ठरल्या मिनिटाला हजर राहण्याची सक्ती आली तेव्हा. १८०७ साली लंडनच्या पॉल मॉल रस्त्यावर गॅसचे दिवे लागले. मुंबईत ते १८६५ साली आले. १८७९ साली एडिसनचा दिवा आला. हा गृहस्थ झोपेला वेळेचा अपव्यय मानी. दिव्यांनी रात्र उजळली याचे कवींना कौतुक वाटले, पण खरा फरक कारखान्यांत पडला. मुंबईच्या कापडगिरण्या पूर्वी उजाडल्यापासून मावळेपर्यंत चालत. अंधार हीच कामगाराची सुट्टी होती. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले, कापडाला तेजी होती, आणि कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत ताणला गेला. ओरड झाली, १९०७ साली कमिशन बसले आणि १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांतील पुरुषांना बारा तासांची मर्यादा मिळाली. बारा तासांना 'मर्यादा' म्हणावे लागले, यावरून आधीची स्थिती समजावी.

या गिरणगावातच झोपेच्या औषधाचा एक करुण अध्याय घडला. आई पाळीवर जायची, मूल घरी. ते रडू नये, झोपून राहावे म्हणून त्याला अफूची 'बाळगोळी' देण्याची चाल सर्रास होती. १९२० नंतरच्या दशकात कामगार स्त्रियांच्या स्थितीची पाहणी झाली, तेव्हा ही चाल सरकारी कागदावर आली. त्या आयांना दोष देणे सोपे आहे. परंतु मूल कोठे ठेवायचे याचे दुसरे उत्तर त्यांना कोणी दिले होते? येथे झोप ही विश्रांती नव्हती, ती पाळणाघराच्या ऐवजी वापरलेली कडी होती.

आता प्रयोगशाळेत तयार झालेल्या औषधांकडे येऊ. अफू आणि मद्य ही जगभरची जुनी साधने. १८३२ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग याने क्लोरल नावाचे द्रव्य तयार केले, पण त्याचा उपयोग कोणाला ठाऊक नव्हता. सदतीस वर्षांनी, १८६९ साली, बर्लिनच्या ऑस्कर लीब्राइख याने असा तर्क केला की, हे रक्तात गेल्यावर त्याचे क्लोरोफॉर्म होईल आणि माणूस झोपेल. तर्क चुकीचा ठरला. झोप मात्र आली! अफूसारखे झाडाच्या चिकापासून न काढता, माणसाने स्वतः घडविलेले हे पहिले झोपेचे औषध. ते स्वस्त होते, तोंडाने घेता येत होते. बघता बघता युरोपातील घराघरांत क्लोरलची बाटली उशाशी आली.

त्या बाटलीची एक हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. आकाश निळे का दिसते याच्या उलगड्याशी ज्याचे नाव निगडित आहे तो लंडनचा पदार्थविज्ञानवेत्ता जॉन टिंडॉल आयुष्यभर निद्रानाशाने गांजलेला होता. रात्री तो क्लोरल घेई आणि पोटाच्या तक्रारीसाठी मॅग्नेशिया घेई. डिसेंबर १८९३ मध्ये एके सकाळी त्याची पत्नी लुइझा हिने नेहमीप्रमाणे त्याला औषध पाजले. बाटली चुकली होती. मॅग्नेशियाच्या ऐवजी क्लोरलचा मोठा डोस गेला. चूक दोघांनाही लगेच कळली, डॉक्टर आले, नाना उपाय झाले, पण त्याच दिवशी टिंडॉल गेला. लुइझा त्याच्याहून पंचवीस वर्षांनी लहान होती. पुढे ती ४६ वर्षे जगली आणि पतीचे चरित्र लिहिले जावे म्हणून कागदपत्रे जमवीत राहिली. ते चरित्र निघाले १९४५ साली, ती गेल्यानंतर पाच वर्षांनी.

क्लोरलची चव वाईट, सवय लागण्याची भीती मोठी. म्हणून १९०३ साली एमिल फिशर आणि योसेफ फॉन मेरिंग यांनी 'व्हेरोनाल' पुढे आणले, तेव्हा त्याचे स्वागत झाले. १९१२ साली 'ल्यूमिनाल' आले. या बार्बिच्युरेट कुळात पुढे दोन हजारांहून अधिक द्रव्ये तयार झाली. त्यांचा दोष सांगावयास फार शब्द लागत नाहीत. झोप आणणारा डोस आणि जीव घेणारा डोस यांत अंतर थोडे, सोबत मद्य असेल तर ते आणखी थोडे, आणि सवयीने डोस वाढवावा लागे तो वेगळाच. अर्धे शतक असंख्य माणसे या गोळ्यांनी मेली. काही जाणूनबुजून, काही पहिली गोळी घेतल्याचे विसरून दुसरी घेतल्यामुळे.

या पार्श्वभूमीवर पुढची शोकांतिका समजून घेतली पाहिजे. ऑक्टोबर १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत 'कॉन्टरगान' नावाची झोपेची गोळी बाजारात आली. तिचे मोठेपण हेच की, कितीही घेतली तरी माणूस मरत नाही, असे सांगितले जाई! चिठ्ठीवाचून ती मिळत असे. गरोदर स्त्रियांनी ती झोपेसाठी घेतली, मळमळीसाठी घेतली. तिच्यातले द्रव्य होते थॅलिडोमाइड. काही काळाने हात-पाय आखूड असलेली, कधी खांद्यालाच पंजा फुटलेली बालके जन्मू लागली. जर्मनीत विडुकिंड लेन्झ आणि ऑस्ट्रेलियात विल्यम मॅकब्राइड या डॉक्टरांनी बोट ठेवले, आणि नोव्हेंबर १९६१ मध्ये जर्मनीत गोळी मागे घेतली गेली. तोवर निरनिराळ्या देशांत मिळून दहा हजारांहून अधिक मुले बाधित झाली होती. गरोदरपणाच्या आरंभीच्या थोड्या दिवसांत घेतलेली गोळीसुद्धा पुरेशी होती.

अमेरिका मात्र बव्हंशी वाचली. तेथील औषध नियंत्रण खात्यात फ्रान्सिस केल्सी नावाची नवी अधिकारी १९६० साली रुजू झाली होती. हा अर्ज तिच्या पहिल्याच कामांपैकी एक. दीर्घकाळ गोळी घेणाऱ्यांच्या हातापायांच्या नसांना बधिरता येते असे तिच्या वाचनात आले. तिने कंपनीकडे पुरावा मागितला, आला तो अपुरा वाटला, पुन्हा मागितला. कंपनीने तगादा लावला, वर तक्रारी केल्या. बाईने वर्षाहून अधिक काळ सही केली नाही. १९६२ साली राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी तिचा सन्मान केला आणि त्याच वर्षी औषधांचा गुण व निर्धोकपणा आधी सिद्ध करण्याचा कडक कायदा झाला. कचेरीत अडलेल्या कागदाबद्दल आपण नेहमी चिडतो; कागद अडविल्याने इतकी मुले धडधाकट जन्मली असे उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

या इतिहासात भारताचेही एक पान आहे. १९५१ साली काकर आणि सय्यद हुसेन झहीर यांनी हिवतापावरील औषधाच्या शोधात एक द्रव्य तयार केले. १९५५ साली लखनौच्या गुजराल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्याने चांगली झोप येते असे दिसून आले. हेच मेथाक्वालोन. बार्बिच्युरेटहून निर्धोक म्हणून ते जगभर गेले, 'मॅन्ड्रॅक्स' या नावाने ब्रिटनमध्ये खपले आणि काही वर्षांतच झोपेऐवजी नशेसाठी घेतले जाऊ लागले. अमेरिकेत १९८४ साली त्यावर बंदी आली. इतर देशांतही कायदेशीर उत्पादन बंद पडत गेले. त्यानंतरही चोरट्या कारखान्यांतून ते आफ्रिकेच्या दक्षिण टोकापर्यंत पोचत राहिले.

१९६० पासून लिओ स्टर्नबाख याच्या शोधातून लिब्रियम, व्हॅलियम, मोगॅडॉन ही मालिका आली. मृत्यूचे भय खरोखरच पुष्कळ कमी झाले, हे मान्य केले पाहिजे. पण सवयीचा प्रश्न राहिला. १९८८ साली ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने ही औषधे थोडक्या आठवड्यांपलीकडे देऊ नयेत असे डॉक्टरांना कळविले. आपल्याकडे मार्च २०१४ पासून अल्प्राझोलाम, झोल्पिडेम वगैरे औषधे अशा यादीत घातली आहेत की, दुकानदाराने चिठ्ठी पाहून रुग्णाचे व डॉक्टरचे नाव वहीत लिहावे. यादी आहे, वही किती दुकानांत उघडली जाते हे आपण सगळे जाणतो. येथे एक सूचना करणे माझे कर्तव्य आहे. माझे बोलणे ऐकून कोणी वर्षानुवर्षांची गोळी आज रात्रीच खिडकीबाहेर फेकू नये. ती एकदम बंद केल्यास झटके येण्यापर्यंत मजल जाऊ शकते. ती डॉक्टरच्या देखरेखीखाली हळूहळूच सोडावी लागते.

गोळीवाचूनचा मार्गही तितकाच जुना आहे. १७८६ साली, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, बेंजामिन फ्रँकलिनने एका तरुणीसाठी सुखस्वप्नांवर निबंध लिहिला. झोप येत नसेल तर अंथरुणात लोळत पडू नका, असे त्यात सांगितले आहे. उठा, उशी बडवून उलटी करा, पांघरूण निदान वीस वेळा झटका, बिछाना गार होऊ द्या, तोवर खोलीत फिरा, मग पुन्हा पडा. फ्रँकलिनचे स्पष्टीकरण घाम आणि हवा यांचे होते, ते आज कोणी मानणार नाही. पण १९७२ साली अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूट्झिन याने जवळपास हाच उपाय वेगळ्या कारणासाठी सांगितला. तळमळणाऱ्या माणसाच्या मनात बिछाना आणि जागरण यांची गाठ पडलेली असते. संध्याकाळी खुर्चीत पेंगणारा माणूस अंथरुणावर पडताच टक्क जागा होतो, तो यामुळे. म्हणून पेंग आल्यावरच पडावे. काही वेळात झोप लागली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत जावे. बिछान्यावर जेवू नये, हिशेब करू नये. रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरल्या वेळीच उठावे आणि दुपारी झोपू नये. चरकाचा 'उचित काल' तो हाच.

१९८७ साली आर्थर स्पीलमन याने एक पाऊल पुढे टाकले, आणि ते ऐकून रोगी रागावतो. नऊ तास बिछान्यात पडून जो पाच तास झोपतो, त्याला हा डॉक्टर म्हणतो की, आजपासून पाचच तास बिछान्यात राहायचे! रात्री एकपर्यंत जागायचे आणि सहाला उठायचे. २०१६ साली अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने जुनाट निद्रानाशावर सर्व प्रौढांना पहिला उपचार गोळीचा नव्हे, तर बूट्झिन व स्पीलमन यांच्या या युक्त्या आणि झोपेविषयीची भीती घालविणारे संभाषण यांचा मिळून द्यावा, अशी शिफारस केली. त्याने साधले नाही तरच गोळीचा विचार, तोही थोड्या दिवसांपुरता. ज्यांना दिवसा वाहन किंवा यंत्र चालवावयाचे आहे, ज्यांना फेफरे किंवा उन्मादाचा विकार आहे, त्यांनी मात्र हा प्रयोग परस्पर करू नये.

पहिला आठवडा फार कष्टाचा जातो. माणूस दिवसभर जांभया देतो, चिडतो, उपचार सांगणाऱ्याला दूषणे देतो. बहुतेकांच्या बाबतीत दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ते पाच तास अखंड झोपेचे होतात. मग निजण्याची वेळ पंधरा मिनिटे अलीकडे आणायची, आठवडाभर पाहायचे, आणि ती स्थिरावली तर आणखी पंधरा मिनिटे.